वाडीवरची शाळा आणि आठवणींचा मोह

खेड्यातून शिकून वर आलेल्या आणि आता निवृत्तीचे वय ओलांडलेल्या कोणाही गृहस्थाला त्याच्या पहिल्या शाळेविषयी विचारले, तर पुष्कळदा त्याच्या डोळ्यांपुढे एकच खोली उभी राहते. शेणाने सारवलेली जमीन, बसायला घरून आणलेले गोणपाट, कोनाड्यात ठेवलेले खडू, दाराशी घंटेऐवजी टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. पहिली ते चौथीच्या चार रांगा आणि त्या चारांना मिळून गुरुजी एकच. शाळेला स्वतःची इमारत नसली, तर मारुतीचे देऊळ किंवा गावची चावडी हीच शाळा.

ह्या खोलीची स्वतःची एक रीत होती. चौथीला गणिते घालून द्यावीत, तिसरीला शुद्धलेखन सांगावे, दुसरीला पाढ्यांच्या उजळणीस बसवावे आणि मग पहिलीच्या मुलांकडे वळावे, असा गुरुजींचा क्रम असे. चौथीतली थोराड मुले लहानग्यांचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेत. वरच्या वर्गाची कविता खालच्या वर्गाला ऐकूनच पाठ होई. शाळातपासनीस येणार म्हटले की आदल्या दिवशी सारा गाव शाळा सारवायला आणि तोरणे बांधायला लोटे. शाळा सरकारची खरी, पण ती आपली आहे ही भावना गावात असे. ह्या आठवणी गोड आहेत आणि त्या खोट्याही नाहीत.

परंतु त्या अपुऱ्या आहेत. आठवणी सांगतात ते पुढे गेलेले लोक. चौथीनंतर, किंबहुना चौथीच्याही आधी, ज्यांची पाटी फुटली ती कायमची, ते लेख लिहीत नाहीत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येणारी आणि एके दिवशी येईनाशी झालेली मुलगी कोणाच्या आत्मचरित्रात फारशी भेटत नाही. शाळा देवळात भरे तेथे सर्वांनाच उंबरठा ओलांडता येत नसे, हेही विसरता कामा नये. गुरुजी तालुक्याला बैठकीसाठी, जनगणनेला वा निवडणुकीच्या कामाला गेले की शाळेला कुलूप लागे, आणि त्या कुलपाची किंमत सर्वांत कच्च्या मुलाला मोजावी लागे.

ही उणीव शासनाच्या ध्यानात आली नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत, हा तिचा आग्रह होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, साठ मुलांपर्यंतच्या शाळेलाही दोन शिक्षक देण्याचे बंधन घातले आणि शाळा मुलाच्या घराजवळ असणे हा त्याच्या हक्काचाच भाग मानला. दिशा स्पष्ट होती : शाळा जवळची हवी आणि ती पुरी हवी.

पुढे मात्र वारा फिरलेला दिसतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचे महाराष्ट्रात ठरले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. त्यामागील युक्तिवाद टाकाऊ नाही. पाच-सात मुलांच्या शाळेत ना कबड्डीचा संघ होतो, ना बरोबरीचे सोबती मिळतात. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, ग्रंथालय आणि मैदान मिळू शकते. अडचण आहे ती वाटेची. नकाशावर दोन-तीन किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात ओढ्याचे, घाटाचे आणि श्रावणातल्या चिखलाचे असते. गाडीची सोय कागदावर राहिली किंवा मध्येच थांबली, तर सहा वर्षांचे पोर घरी बसते. आणि घरात बसवायचे झाले तर पहिल्यांदा बसते ती मुलगी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते : सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते, मग तिच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष का? पटाच्या आकड्यावरून शाळेचा निकाल लावू पाहणाऱ्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावयास हवे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने गाव उठते आणि म्हणून शाळा संपते. आज क्रम उलटा होण्याची भीती आहे. शाळा उठली म्हणून मुलेबाळे असलेली घरे वाडी सोडतील.

म्हणून एकखोली शाळेचे गोडवे गाणे जसे पुरेसे नाही, तसे तिला कुलूप लावणे हाही उपाय नव्हे. पहिली ते चौथीचे वर्ग वाडीवरच राहावेत, त्यांना दुसरा शिक्षक मिळावा, एकाच वेळी अनेक वर्ग शिकविण्याचे खरेखुरे प्रशिक्षण त्याला द्यावे आणि अध्यापनाबाहेरची कामे त्याच्या माथ्यावरून उतरवावीत. खेळ आणि वाचनासाठी शेजारच्या शाळांतील मुले आठवड्यातून एकदा एकत्र आणता येतील. पालकांची संमती आणि गाडीची खात्री असेल, तेथे एकत्रीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. तिच्यावाचून मात्र ते होऊ नये.

आज कचेऱ्यांत बसून ह्या शाळांच्या फायली हाताळणाऱ्यांपैकी कित्येकजण अशाच एका खोलीतून आलेले आहेत. ती खोली त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, एवढ्या एका गोष्टीने त्यांचे आयुष्य घडले. ते अंतर आजच्या पोरासाठी वाढवायचे की नाही, हे ठरविताना आपल्याच पाटीवरचा तो हिशेब त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहावा.