तबकडी, मोबाईल आणि मागांचा खडखडाट

जुन्या ध्वनिमुद्रिकेतला गोडवा आजच्या डिजिटल गाण्यात नाही, असे म्हणण्याची अलीकडे पुन्हा चाल पडली आहे. आमच्या वर्गातही हा वाद रंगला. ज्यांनी जन्मात कधी तबकडी हातात धरलेली नाही, तेच मित्र तिच्या बाजूने सर्वांत तावातावाने बोलत होते! माझे मत वेगळे आहे, आणि ते भिवंडीत राहिल्यामुळे बनले आहे.

प्रथम नुसत्या आवाजापुरते बोलू. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ध्वनीची नोंद सेकंदाला 44,100 वेळा घेतली जाते. सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचे ध्वनी तीत मावतात. तरुण, निरोगी कानाची धावही साधारण तेवढीच. तबकडीची खाच मात्र सुई दर खेपेला थोडी झिजवते. शिवाय मध्याजवळ वेढे लहान होत जातात, सुईखालून सेकंदाला कमी लांबीची खाच सरकते आणि आवाजातील बारकावे बोथट होतात. तेव्हा हुबेहूबपणात डिजिटल सरस आहे, हे सरळ मान्य करावे.

राहिला प्रश्न भावनेचा. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि अख्खा राग तीन मिनिटांत आटपावा लागे. तासभर ख्याल ऐकणाऱ्या रसिकांना ही यांत्रिक थट्टाच वाटली असेल. तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्या तीन मिनिटांत काळजाला हात घालते, आणि आज आपण बहुतेक जण ती मोबाईलवरच ऐकतो.

आता आमच्या घरचे सांगतो. माझे आजोबा पस्तीस वर्षे यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटाने कान जातात, ते आधी वरच्या पट्टीतले. माणूस बोलतो आहे हे कळते, पण 'स', 'श', 'फ' निसटतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. आपल्या गावात असे म्हातारे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापुढे तबकडी गोड की डिजिटल गोड, हा वाद काय घालायचा? आजोबांजवळ एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि सातआठ तबकड्या आहेत. त्यांपैकी पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची त्यांची विशेष लाडकी. ती लावली की ते पेटीवर तळहात ठेवतात आणि नजर सुईवर. सुई कुठवर आली यावरून पुढचे कडवे कोणते, हे त्यांना आधीच ठाऊक असते. कानाने जे सोडले ते डोळ्याने आणि हाताने भरून काढतात. ही सोय मोबाईलमध्ये नाही; तिथे सरकणाऱ्या रेघेला कोणी गाणे म्हणणार नाही.

परंतु गेल्या दिवाळीत मी तेच अभंग मोबाईलवर लावले, वरच्या पट्टीतले ध्वनी वाढवले आणि इयरफोन त्यांच्या कानाला लावून दिले. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "अरे, टाळ वाजतायत!" वाजत ते आधीही होते, आजोबांना ऐकू येत नव्हते. तबकडीला हे जमले नसते. डिजिटल आवाजाला आत्मा नसतो म्हणणाऱ्यांनी त्या वेळी त्यांचा चेहरा पाहायला हवा होता.

म्हणून माझा कौल डिजिटलच्या बाजूने. बरोबरी तर तो करतोच, आमच्या घरी त्याने आणखी एक पाऊल टाकले. माझी तक्रार आहे ती आपल्या ऐकण्याविषयी. तबकडीची एक बाजू वीसबावीस मिनिटांत संपे. मग उठून ती उलटावी लागे, निदान सुई उचलावी लागे. तेवढ्या वेळात ऐकलेले गाणे मनात मुरत असे. मोबाईलवर एका गाण्याचा शेवट विरतो न विरतो तोच दुसरे अंगावर येते, आणि आपण तोवर तिसरे शोधत असतो. पुढचे गाणे आपोआप लागण्याची ती सोय बंद करता येते. मी माझ्यापुरती ती केली आहे. आजोबा अजूनही रविवारी तबकडीच मागतात, आणि टाळ ऐकावेसे वाटले की मोबाईल.