विश्लेषण : पंगतीतली ‘विषबाधा’ नेमकी कशाची?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. जेवणानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले, की ‘अन्नातून विषबाधा’ अशी बातमी येते. रुग्ण घरी जातात, आचाऱ्यावर खापर फुटते आणि विषय संपतो. कोणत्या जंतूने हे केले, हा प्रश्न मागेच राहतो. खरे तर तोच पहिला प्रश्न असायला हवा.

साल्मोनेला म्हणजे काय?

प्राण्यांच्या व माणसांच्या आतड्यात राहणारा हा जिवाणू. त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत. त्यातला एक टायफॉईडला कारणीभूत ठरतो. इतर बहुतेक प्रकारांमुळे ताप, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. लक्षणे साधारण १२ ते ३६ तासांनी दिसतात. त्यामुळे दोष अनेकदा शेवटच्या जेवणाला दिला जातो आणि आदल्या दिवशीची पंगत सुटते.

शाकाहारी जेवणात तो कसा येतो?

कच्चे चिकन आणि अंडी हे त्याचे ओळखीचे मार्ग. पण वाढप्याचे हात, अस्वच्छ पाणी, कच्ची कोशिंबीर यांतूनही तो ताटात येतो. कोरड्या मसाल्यातही तो तग धरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००७ ते २००९ या काळात तिथे आयात झालेल्या मसाल्यांच्या सुमारे ७ टक्के खेपांत साल्मोनेला आढळला. दोंडाईचा, नंदुरबारची मिरची उघड्या पथारीवर वाळते. पक्षी-उंदरांपासून तिचे रक्षण हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे.

खान्देशात धोका कशाने वाढतो?

वेळेने. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा धोक्याचा पट्टा. पहाटे रांधलेली वांग्याची घोटलेली भाजी चुलीवरून उतरल्यावर दुपारच्या शेवटच्या पंगतीपर्यंत याच पट्ट्यात असते. जंतू दर अर्ध्या तासाने दुप्पट होतात असे धरले, तरी सहा तासांत एकाचे ४,०९६ होतात. वास आणि चव मात्र बदलेलच असे नाही.

पुन्हा उकळले की भागते का?

साल्मोनेला असेल तर बहुधा हो. अन्न आतपर्यंत ७० अंशांवर तापले की तो मरतो. पण स्टॅफिलोकॉकस या जंतूने अन्नात सोडलेले विष उकळूनही टिकते. म्हणजे जंतू कळल्याशिवाय चूक कुठे झाली, हे कळत नाही. चूक हातांची होती, पाण्याची की वेळेची, हे न कळता आचारी बदलला, तर पुढच्या पंगतीत तीच चूक होऊ शकते.

मग करायचे काय?

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णांच्या शौचाचे नमुने, शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, तपासणीला गेले पाहिजेत. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३५ नुसार विषबाधेची माहिती देणे डॉक्टरांना बंधनकारक करता येते. त्याचा वापर व्हावा आणि तपासणीचा निष्कर्ष गावाला कळावा.

यजमान आणि आचाऱ्यांनी मोठ्या स्वयंपाकाचे दोन-तीन टप्पे करावेत. भाजी वाफाळती ठेवता येत नसेल, तर दोन तासांत वाढून संपवावी. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, नाव-वेळ लिहून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. आजारी माणसाला आधी ओआरएस द्यावे. मनाने अँटिबायोटिक देऊ नये. लहान मूल, गर्भवती, वृद्ध किंवा शौचातून रक्त जात असेल, तर थेट दवाखाना गाठावा.

मांडवाला हजारो रुपये लागतात. त्या एका वाटीला काहीच लागत नाही. पण आचारी दोषी की निर्दोष, हे तीच सांगू शकते.