मापात पाप

दहावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकतात. कुणाच्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. पण हे गुण नेमके कशाचे, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे.

राज्य मंडळाचे आकडे बोलके आहेत. २०१८ साली निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली अभ्यासक्रम नवा आला आणि भाषा विषयांचे, शाळेच्या हाती असलेले २० तोंडी गुणही गेले, निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के! एका वर्षात मुले एवढी हुशार झाली काय? मुख्यतः बदलले ते माप.

हीच मुले पुढे महाविद्यालयात जातात. मुंबई विद्यापीठानेही २०११-१२ मध्ये श्रेयांक पद्धती आणताना १०० पैकी ४० गुण महाविद्यालयांच्या हाती सोपवले होते. पुढे ते कमी करावे लागले. बोलणे, लिहिणे, विचार करणे तपासण्यासाठी हे गुण असतात. हेतू उत्तम, पण न ऐकता, न वाचता ते वाटले जातात, तेव्हा ती खिरापत होते.

प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेला एक तरुण शिफारसपत्रासाठी आमच्याकडे आला. अर्ज स्वतः लिहून आण, असे आम्ही सांगितले. चार ओळींत तो अडखळला आणि खाली मान घालून म्हणाला, “फादर, असे कधी कुणी लिहायलाच सांगितले नाही.” दोष त्याचा नव्हता. त्याला फसवणाऱ्यांत त्याच्या गुणपत्रिकेवर पेढे वाटणारे आपणही होतो.

“चार गुण जास्त दिले तर कुणाचे काय गेले? इतर मंडळे सढळ हाताने देतात, आपल्याच मुलांनी मागे का राहावे?” असे पालक आम्हांस विचारतात. गेले ते गरिबाचे! पदवीवरचा विश्वास उडाला की नोकरी देणारा ओळख पाहतो, इंग्रजीची सफाई पाहतो. श्रीमंताचे मूल त्यावर तरते. ज्याच्याजवळ पदवीवाचून दुसरे काही नाही, तो बुडतो. वजनात खोट करणाऱ्या दुकानदाराला आपण पापी म्हणतो. मग गुणांतील खोट पुण्य कशी?

म्हणून शाळेच्या पालकसभेत अधिक गुण मागू नका. मुलाची तोंडी परीक्षा खरोखर घेतली काय, त्याची वही कुणी वाचली काय, हे विचारा. आणि घरी ‘किती टक्के?’ विचारण्याआधी त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवा.