ललिता पवार: थप्पड आणि समीक्षा

ललिता पवारांवरील लेखांतून १९४२ सालची ती थप्पड काढून टाकली, तर बहुतेक लेख कोरेच उरतील. चित्रीकरणात सहकलाकाराचा हात जोरात बसला, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा अधू झाला आणि नायिकेची खाष्ट सासू झाली. हकिगत खरी आहे. पण तीत अभिनेत्री कुठे आहे?

येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून काम करीत होत्या. १९३८ साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. अपघातानंतरची 'रामशास्त्री'तील (१९४४) आनंदीबाई आणि 'अनाडी'तील (१९५९) मिसेस डिसा यांचा चेहरा एकच, अधू डोळाही तोच. एकीत सत्तेची हाव, दुसरीत करड्या बोलण्याआडची माया. हा भेद डोळ्याने केला, असे म्हणायचे काय?

१९८७ साली दूरदर्शनवरच्या 'रामायणा'तील मंथरेला आमच्या वाशीमात आयाबाया शिव्या घालीत. आमच्या मते, त्या शिव्यांत समीक्षकांच्या हळहळीपेक्षा अधिक दाद होती. कलेचे श्रेय अपघाताला देणे ही सहानुभूती नव्हे, आळस आहे. आणि दुय्यम पात्रांना एका विशेषणात गुंडाळून पुढचा धडा घेणारे आम्ही शिक्षकही त्यातून सुटत नाही.