‘आशियाई’ म्हणजे नेमके कोण?

आकडी येणाऱ्या रुग्णांना कार्बामाझेपीन हे स्वस्त आणि गुणकारी औषध वर्षानुवर्षे दिले जाते. क्वचित एखाद्याच्या अंगावर मात्र त्याने फोड उठतात, भाजल्यासारखी कातडी सोलवटते, जीवही जातो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी अशा ४४ हान चिनी रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सगळ्यांत ‘एचएलए-बी १५:०२’ हा एकच जनुकप्रकार सापडला. टी पेशींचे रिसेप्टर एचएलए प्रथिने चाचपून आपले-परके ठरवतात. या प्रकारच्या प्रथिनाला औषध चिकटले, की त्या स्वतःच्याच त्वचेवर तुटून पडतात.

२००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांत आधी जनुकचाचणी करण्यास सुचवले. पण आशियाई म्हणजे कोण? थाई लोकांत हा प्रकार बराच आढळतो, जपान्यांत अगदी विरळा. तिथे संबंध दिसला तो ‘ए ३१:०१’ या दुसऱ्याच प्रकाराशी. भारतात तर प्रमाण समाजागणिक बदलते. तेव्हा वंश विचारून भागणार नाही, जनुकच तपासायला हवे. सिंगापूरने २०१३ मध्ये ही चाचणी नेहमीच्या उपचारांत आणली. आयुष्यात एकदाच लागणारी ही चाचणी आपल्या जिल्हा रुग्णालयांतही व्हायला हवी. तोवर, औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप, पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. नुसत्या धास्तीने मात्र गोळी बंद करू नये, आकडी उलटते.