एकही तक्रार नाही!

‘आमच्याकडे लैंगिक छळाची एकही तक्रार आलेली नाही’ हे वाक्य महाविद्यालयांतून प्रशस्तिपत्रासारखे उच्चारले जाते. शब्दांचा अर्थ लावणे हाच आपला, साहित्याच्या अध्यापकांचा, व्यवसाय. मग हे वाक्य आपण इतक्या निमूटपणे का ऐकून घेतो?

२०१३च्या कायद्याच्या नावात तीन शब्द आहेत : प्रतिबंध, मनाई आणि निवारण. त्यांत प्रतिबंध पहिला. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती नेमणे, सुरक्षित वातावरण देणे, शिक्षेची माहिती दर्शनी भागी लावणे, कार्यशाळा घेणे या साऱ्या विधानांचा कर्ता नियोक्ता आहे. संस्था मात्र कर्ताच बदलून टाकतात. तिने सांगायला हवे होते, तिने पुरावा आणायला हवा होता, तिने तीन महिन्यांच्या आत यायला हवे होते!

या कायद्यामागे भंवरीदेवींचा इतिहास आहे. त्या राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह रोखण्याचे काम केले म्हणून १९९२ मध्ये भटेरी गावात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सरकारने नेमून दिलेल्या कामातला हा धोका होता. त्यापासून त्यांचे रक्षण मात्र कोणी केले नाही. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधाचे दायित्व नियोक्त्यावर ठेवले, ते या पार्श्वभूमीवर.

समिती कागदावर असून भागत नाही. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकली, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले आणि कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. हलगर्जी चौकशी तक्रारदारालाही न्याय देत नाही आणि आरोपितालाही नाही.

‘तक्रारच नाही, तर आम्ही काय करणार?’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. मार्गदर्शकाच्या एका सहीवर जिचा प्रबंध अडलेला असतो, तिचे मौन म्हणजे संमती नव्हे आणि समाधान तर नव्हेच. कथा-कवितांमधील मौनावर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्याला शेजारच्या खोलीतले मौन वाचता येऊ नये?

यापुढे कोणी शून्य तक्रारींचा अभिमान मिरवला, तर आपण विचारले पाहिजे : समितीत कोण आहेत? बाहेरची सदस्य कोण? फलक कुठे लावला आहे? शेवटची कार्यशाळा कधी झाली? या प्रश्नांना उत्तरे नसतील, तर ते शून्य तक्रारींचे नाही. संस्थेने पार पाडलेल्या कर्तव्यांचे आहे.