मोजण्यापूर्वीचा शब्द

वैद्यकीय संशोधनातील संख्याशास्त्र हा भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचा विषय आहे काय, अशी शंका कोणास आल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. तरीही या विषयाशी आपले कर्तव्य आहे, असे मला वाटते.

१९३८ साली कलकत्त्यास भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत रोनाल्ड फिशर यांनी अध्यक्षपदावरून एक मार्मिक इशारा दिला होता. प्रयोग उरकल्यानंतर संख्याशास्त्रज्ञास पाचारण करणे म्हणजे बहुधा शवविच्छेदन करविणे होय, असा त्याचा आशय. किती रुग्ण घ्यावेत, त्यांची तुलना कोणाशी करावी, कोणता परिणाम मोजावा, हे सारे आरंभीच ठरवावे लागते. हा सल्ला आणखी एक पाऊल अलीकडे, रुग्णास विचारावयाच्या शब्दापासूनच सुरू व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

रायपूरच्या गोल बाजारात घटकाभर उभे राहिल्यास हिंदी, छत्तीसगढी आणि क्वचित मराठीही कानी पडते. एकाच व्यथेला येथे कोणी 'दर्द' म्हणेल, कोणी 'पीरा', तर कोणी 'दुखणे'. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ या दोन्ही प्रदेशांत सिकलसेलचा आजार आढळतो; तीव्र वेदनेचे झटके हे त्याचे प्रमुख लक्षण. ही वेदना रक्ताच्या थेंबात मोजता येत नाही. ती रुग्णाच्या शब्दांतूनच जाणावी लागते. मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या वेदना-प्रश्नावलीत ७८ इंग्रजी विशेषणे गटवार लावलेली आहेत. आपल्याकडील ठणका, कळ, चमक, सल, ओढ यांची प्रतवारी त्या गटांवर हुबेहूब बसेल, असे मानण्यास आधार काय?

येथे संख्याशास्त्राचाच एक साधा नियम ध्यानी घ्यावा. उत्तरे कधी इकडे, कधी तिकडे ढळत असतील, तर रुग्णसंख्या वाढवून सरासरी सावरता येते. परंतु शब्दच सर्वांना एका दिशेने चुकवीत असेल, तर शंभराऐवजी दहा हजार रुग्ण घेतल्यानेही काही साधत नाही. चूक तेवढी अधिक ठामपणे सांगितली जाते.

राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. दवाखान्यात आलेल्या रुग्णांऐवजी गावातील स्त्रिया तपासल्या, हे त्या आराखड्याचे मर्म. दवाखान्यात जी येते, तिचीच तक्रार तेथे नोंदली जाते. न आलेलीची गणना कोण करणार?

जी येते, तिचे तरी नीट ऐकले जाते काय? मराठी स्त्री 'अंगावरून पांढरे जाते' असे सांगते. प्रश्नावलीत मात्र 'श्वेतप्रदर' छापलेले असते. भाषांतराची परीक्षा म्हणून ते पुन्हा इंग्रजीत उलटविले, तर मूळ संज्ञा निर्दोषपणे परत येते आणि प्रश्नावली उत्तीर्ण ठरते. कोशातील शब्द कोशाकडे परतला. वाटेत बाईची गाठ पडलीच नाही. उलट-भाषांतराच्या प्रचलित कसोटीतील हे वैगुण्य आपणांस चटकन दिसावे, कारण शब्दाशः अचूक आणि अर्थतः निर्जीव अशी भाषांतरे आपण नित्य वाचीत असतो.

प्रमाणित प्रश्नावलीत फेरफार केल्यास देशोदेशींच्या निष्कर्षांची तुलना अशक्य होईल, असा एक आक्षेप संभवतो. तो गंभीर आहे. परंतु तुलना अर्थांची करावयाची असते. शब्द समान ठेवून अर्थ निसटू दिला, तर जुळणारे आकडे हाती येतील, तुलना येणार नाही.

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांतील संख्याशास्त्रीय सल्लाकेंद्रांत आराखडा ठरतानाच भाषेच्या अभ्यासकास स्थान असावे. प्रश्न प्रथम थोड्या रुग्णांना विचारून, त्यांना तो काय कळला हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि भाषाविभागांनी हे काम दुय्यम मानू नये. चुकीच्या शब्दामुळे जिची वेदना आकड्यांत येत नाही, तिच्यासाठी औषधाची तरतूदही होत नाही.